डुलकीदादांचे उघडे डोळे

डुलकीदादांच्या पापण्या जन्मतःच अर्ध्यावर टांगलेल्या. दुकानाचं शटर कुणी खाली ओढायला घ्यावं, तेवढ्यात फोन यावा आणि शटर तसंच राहावं, तशा. शाळेत मास्तरांनी खडू मारले. मुलगी दाखवताना सासऱ्यांनी हळूच विचारलं, "मुलगा आजारी आहे का?" पण याच डोळ्यांनी दादांनी सत्तावीस वर्षं ट्रक हाकला आणि गाडीला ओरखडा म्हणून नाही.

मग कंपनीला सुरक्षेची उचकी लागली. पुढचं वाहन जवळ आलं की आपोआप ब्रेक, गाडी रस्त्यावरचा आपला पट्टा सोडून सरकली की सीटला थरथर, आणि काचेखाली बटणाएवढा कॅमेरा. चालकाचे डोळे मिटले की केबिनमध्ये शिटी, आणि त्याच क्षणी ऑफिसातल्या पडद्यावर लाल ठिपका. महिन्यात तीन ठिपके पडले की चालक ट्रकवरून खाली, गोदामात खोकी मोजायला.

दादांचा पहिला ठिपका गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत पडला. दुसरा दुसऱ्या दिवशी. दादा सुरक्षासाहेबांकडे गेले. साहेब फार शिकलेले. ट्रकमध्ये बसले होते ते फोटोपुरते.

"साहेब, माझे डोळेच असे आहेत."

"यंत्र खोटं बोलत नाही, दादा."

"मग आत्ता मी झोपलोय का?"

साहेबांनी सवयीनं पडद्याकडे पाहिलं. "सांगता येणार नाही. इथे कॅमेरा नाही."

घरी बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मी तुमच्याशी भांडतेय. झोपलेल्या माणसाशी कुणी भांडतं का? साक्षीला माझी सही चालते का विचारा."

चालत नव्हती. मग तिनंच दादांना आरशासमोर बसवून भुवया वर चढवायची तालीम दिली. मुलगी म्हणाली, "बाबा, शेजारीण घाबरेल, खिडकी लावून घ्या."

पुढच्या फेरीला दादांनी डोळे बटाट्याएवढे केले. लक्ष रस्त्यावर कमी, कॅमेऱ्याच्या हिरव्या दिव्यावर जास्त. यंत्राला मतलब पापण्यांशी. नजर कुठे आहे, हा त्याचा विषय नव्हता. फेरी संपवून परत येईस्तोवर डोळ्यांना धार लागली. गोदामाशी गाडी मागे घेताना आरसा दिसेना. आपोआप ब्रेक लागायचा तो पुढे जाताना; मागे जातानाचं शहाणपण यंत्राला यायला अजून वर्ष होतं. धाडकन आवाज झाला. मागचा लोखंडी खांब सत्तावीस वर्षं तिथेच उभा होता, बिचारा.

साहेब टॅबलेट घेऊन धावत आले. "अभिनंदन, दादा. शंभरपैकी शंभर. अख्ख्या फेरीत एक डुलकी नाही. ट्रक तुमच्याकडेच."

"साहेब, खांब वाकलाय."

"त्याचा फॉर्म वेगळा."

दादांनी आधी इंजिन बंद केलं. कॅमेऱ्याचा दिवा विझल्याची खात्री केली आणि मगच पापण्या खाली सोडल्या. उतरून मागे गेले, ओरखड्यावरून बोट फिरवलं. सत्तावीस वर्षांतला पहिला. आणि तोही टक्क जागेपणी झालेला.