गॅरेजातली ओल

नव्वदच्या दशकात पुण्याहून बंगलोरला आल्यावर आम्ही बसवनगुडीत घर घेतलं. गॅरेजच्या जमिनीवर इपॉक्सीचा थर द्यायचा होता, म्हणून चामराजपेटेतले एक कंत्राटदार कोटेशन घेऊन आले. पन्नाशीचे, कित्येक पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातले. त्यांनी जमिनीवरून तळहात फिरवला आणि प्लॅस्टिकचा एक तुकडा चिकटपट्टीने लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याखाली पाण्याचे थेंब जमले होते.

"ओल आहे, अक्का. स्वल्प थांबू या."

मग ते दर शनिवारी येत, प्लॅस्टिक उचलून बघत आणि पायरीवर बसून बोलत. नवरा सतत फिरतीवर, शेजारी सगळे कानडी. मी चहा आधीच टाकून ठेवायची.

चौथ्या शनिवारी त्यांनी आपलंच कोटेशन परत मागितलं.

"इथे थर टिकायचा नाही, अक्का. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. आई गेल्यापासून घरात माझ्याशी मराठी बोलणारं कुणी नाही, म्हणून येत राहिलो. चुकलं माझं."

मी नुसतं "असू दे" म्हणाले. ते गेले आणि पुन्हा आले नाहीत. मीही शनिवारची वाट बघत असते, हे सांगायचं राहूनच गेलं.