आल्डनचा अडुसष्ट फुटी टॉवर

आल्डन गोडेटने तीस वर्षं गावाची बर्फ काढायची गाडी चालवली. पहाटे चारला उठून त्याने रस्ता मोकळा केला नाही, तर ईस्ट हार्लोतली शाळा भरायची नाही, गोठ्यातलं दूध गावाबाहेर पडायचं नाही आणि पोस्टमनही फिरकायचा नाही. पण गावात त्याची चौकशी करा, गाडीचं नाव कुणी काढणार नाही. "टॉवरवाला ना तो?" एवढंच म्हणतील. व्हरमाँटमधल्या आमच्या या गावाची रीतच अशी आहे. माणसाने केलेलं काम विसरायचं आणि डोळ्यात खुपणारी गोष्ट तेवढी धरून ठेवायची.

टॉवर होता मात्र खुपण्यासारखाच. १९८१च्या उन्हाळ्यात आल्डनने तो घरामागे एकेक तुकडा जोडत उभा केला. बायको, ज्यून, खाली दोर धरून उभी असायची आणि वर पाहून बोटं मोडायची. सगळा मिळून अडुसष्ट फूट, टोकाला अँटेना. आल्डनला हॅम रेडिओचा नाद होता. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि घरबसल्या जगभरच्या माणसांशी बिनतारी गप्पा मारायच्या, असा हा नाद. निवृत्त झाल्यावर तर रोज सकाळी साडेसहाला तो रस्त्याकडच्या खोलीत दिवा लावून यंत्रापुढे बसायचा आणि न्यूझीलंडमधल्या डेस नावाच्या मेंढपाळाशी बोलायचा. काय बोलायचे? त्याच्या मेंढ्या, याचा गुडघा आणि दोघांकडची हवा. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पण ज्यून गेली तेव्हा मुलीला फोन केल्यानंतर आल्डनने ती बातमी सगळ्यात आधी डेसला सांगितली होती.

रस्त्यापलीकडे व्हर्ना टटल राहायची. शाळेत बाई होती, निम्म्या गावाला तिने पाढे शिकवलेले. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी अख्खा हार्लो डोंगर दिसायचा. टॉवर उभा राहिला आणि डोंगराचे बरोबर मधोमध दोन भाग झाले. तेव्हापासून जे वाजलं ते चाळीस वर्षं वाजतच राहिलं. टॉवर गंजतोय, वाऱ्यात शीळ घालतोय, त्याच्यावर कावळे बसतात, अशा चिठ्ठ्या आल्डनच्या पत्रपेटीत पडायच्या. व्याकरणाची एक चूक नसायची त्यांत. आल्डन त्या वाचून चुलीत घालायचा आणि म्हणायचा, कावळ्यांना मी काय पत्र पाठवून बोलावलं का?

मग १९९९ साली एक मोबाइल कंपनी गावात आली. डोंगराच्या माथ्यावर भलामोठा टॉवर बांधू म्हणाली, आणि गावाच्या लक्षात आलं की कुठे किती उंच काय बांधावं याचा आपल्याकडे नियमच नाही. नियम लिहायला समिती नेमली आणि तिच्यावर व्हर्नाबाई बसल्या. दुसरं कोण बसणार? त्यांनी कंपनीला टॉवरच्या उंचीएवढा दोर सोडून तांबडा फुगा आभाळात धरायला लावला. अख्खं गाव कॉफीचे पेले घेऊन रस्त्यावर उभं राहिलं आणि कुणाच्या खिडकीतून तो दिसतो हे मोजून आलं. कंपनी फुगा गुंडाळून गेली ती पुन्हा आली नाही. नियम मात्र राहिले. टॉवर पस्तीस फुटांपेक्षा उंच नको. कोसळला तर स्वतःच्याच जमिनीत कोसळेल इतका हद्दीपासून लांब हवा. नियमाच्या आधीपासून उभे आहेत ते राहू देत, पण वापरात असतील तोवरच. सलग बारा महिने बंद राहिला, तर मालकाने स्वखर्चाने उतरवायचा.

मार्चमधल्या गावसभेत हे वाचून दाखवलं, तेव्हा आल्डन उठून उभा राहिला.

"व्हर्ना, हे शेवटचं कलम माझ्यासाठी का गं?"

"तुझ्या एकट्यासाठी मी शाई कशाला वाया घालवू?" व्हर्ना म्हणाली.

सभा हसली आणि नियम मंजूर झाला. गावात आधीपासून उभा असलेला टॉवर एकच होता, हे सगळ्यांना माहीत होतं. नंतर सभेच्या रिवाजाप्रमाणे जेवण झालं. दोघं शेजारी शेजारी बसून घेवडा आणि ॲपल पाय जेवले, एकमेकांशी अवाक्षर न बोलता.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, २०२१च्या नोव्हेंबरात आल्डन ओसरीच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरला. गावभरचं बर्फ काढणारा माणूस घरच्या पायरीवर पडला, यावरून गावाने चार दिवस करमणूक करून घेतली. पण खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली, दुसरी झाली. शेवटी मुलगी कोरीन त्याला दक्षिणेला, कॅरोलायनात आपल्या घरी घेऊन गेली. लेक गुणाची. त्याच्यासाठी तळमजल्यावर खोली केली, न्हाणीघरात दांड्या बसवल्या. आल्डनला तिथे काही कमी नव्हतं. फक्त सकाळी साडेसहाला जाग यायची आणि करायला काही नसायचं.

वर्ष उलटलं आणि डिसेंबरात गावाचं पत्र आलं. टॉवर बारा महिन्यांहून अधिक काळ बंद असल्याची तक्रार आली आहे. वापरात असल्याचा पुरावा जानेवारीच्या सभेत द्यावा, नाहीतर तो उतरवावा लागेल. खाली बांधकाम अधिकारी रस पेल्कीची सही होती.

"व्हर्ना," आल्डन म्हणाला. पत्रात तक्रारदाराचं नाव नव्हतं, पण त्याला ते लागतही नव्हतं.

कोरीनने पत्र दोनदा वाचलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"बाबा, एक ठरवू या. टॉवर राहिला तर तुम्ही घरी परत जा, मी अडवणार नाही. आणि उतरवा म्हणाले, तर घर विकायचं आणि इथेच राहायचं. टॉवर नसताना तिथे एकटे बसून तुम्ही करणार काय?"

आल्डनने पत्राची घडी घातली. त्याने कबूल केलं. खरं म्हणजे त्याने हारच मानली होती. वर्षभर आपण यंत्राला हात लावलेला नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि खोटं बोलायचं तर व्हर्ना टटलच्या देखत बोलायचं. ते वाघालाही जमलं नसतं.

जानेवारीच्या सभेला कोरीनच त्याला घेऊन आली. गावसभेच्या त्याच हॉलमध्ये बांधकाम मंडळाची पाच माणसं लांब टेबलामागे बसली होती. आल्डन काठी टेकत पुढच्या खुर्चीवर बसला. व्हर्ना पलीकडच्या रांगेत होती, मांडीवर पर्स, ताठ. त्याने मान हलवली, तिनेही हलवली. रसने पत्र वाचून दाखवलं. तक्रार केली होती टेकडीवर नुकतंच घर घेतलेल्या एका शहरी गृहस्थाने. तो उठून सभ्यपणे म्हणाला की त्याचं कुणाशी वैर नाही, नियम वाचला म्हणून विचारलं. म्हणजे व्हर्ना नव्हतीच. आल्डनला थोडी लाज वाटली. पण लाज वाटून टॉवर वाचणार नव्हता.

"आल्डनकाका," रस म्हणाला, "गेल्या वर्षात टॉवर वापरला होता का तुम्ही?"

"नाही," आल्डन म्हणाला. "मी इथे नव्हतो."

रसने कागदावर काहीतरी लिहिलं. त्यालाही ते लिहिणं जड जात होतं. बर्फाच्या दिवसांत हाच आल्डन त्याला गाडीत बसवून शाळेला सोडायचा. तेवढ्यात व्हर्ना उठली. आल्डनने काठी घट्ट धरली. चाळीस वर्षांत ती उभी राहिली आणि त्याच्या भल्याचं झालं, असं एकदाही घडलं नव्हतं.

तिने पर्समधून एक निळी वही काढून टेबलावर ठेवली.

"टॉवर वापरात आहे," ती म्हणाली. "मी वापरते."

मंडळाची पाचही माणसं वहीवर वाकली. वहीत तारीख, वेळ, कोणाशी बोलणं झालं, सगळं रेघा मारून लिहिलेलं होतं. पहिली नोंद गेल्या फेब्रुवारीतली. तिथून एकही रविवार चुकला नव्हता. रसने पानं उलटली, मग पुन्हा उलटली. बाईंकडे परवाना आहे का, असं त्याने चाचरत विचारलं. व्हर्नाने तोही काढला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने अग्निशमन केंद्रात पोरासोरांमध्ये बसून हॅम रेडिओची परीक्षा दिली होती. पस्तीस प्रश्न, पस्तीसही बरोबर, हे तिने न विचारता सांगितलं. जिल्ह्यातले हॅमवाले दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी एकेक करून हजेरी देतात. ती आल्डनच्या यंत्रावरून, त्याच्या टॉवरवरून, वर्षभर त्या हजेरीला होती.

"पण बाई," रस म्हणाला, "काकांनी स्वतः वापरलेला नाही."

"मालकानेच वापरायचा असं नियमात कुठे आहे?" व्हर्ना म्हणाली. "शोध. सापडायचं नाही. तो नियम मी लिहिलाय."

मंडळाने तरीही नियम वाचला. बाईंनी सांगितलं तरी वाचून पाहायचं, हेही त्यांना बाईंनीच शिकवलं होतं. मग हात वर झाले, पाचच्या पाच. टेकडीवरचा गृहस्थ उलट खूश झाला आणि ही परीक्षा कुठे देतात म्हणून विचारू लागला. कोरीन तिथेच रडली. आल्डन वही हातात घेऊन बसून राहिला. शेवटच्या रकान्यात, जिथे शेरा लिहितात, तिथे व्हर्नाचं सुंदर अक्षर होतं. 'थंडी उणे वीस. खोलीत उंदीर आहे.' 'सगळे एकाच वेळी बोलतात, शिस्त नाही.' 'टॉवर वाऱ्यात शीळ घालतो, हे पुन्हा नमूद करते.'

बाहेर गाड्यांपाशी त्याने तिला गाठलं. पायाखाली बर्फ करकरत होता.

"हे का केलंस तू?"

व्हर्ना किल्ली शोधत होती. ती सापडली तरी शोधत राहिली.

"कोरीनने पाइप गोठलेत का बघायला सांगितलं होतं, म्हणून जात होते," ती म्हणाली. "खोलीत सगळं तसंच पडलेलं. तुझा पेला, चष्मा. आल्डन, चाळीस वर्षं सकाळी तुझ्या खिडकीत दिवा लागला की मी कॉफी ठेवायची. माझे हे गेल्यावर सकाळी जागं दिसणारं दुसरं कुणी नव्हतं मला. तू गेलास आणि दिवा लागेना. टॉवर उतरला असता तर डोंगर अख्खा दिसला असता मला, पण मला तो नको होता. बारा महिन्यांचं कलम मला पाठ होतं, तुला थोडंच असणार?"

"मग मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर आभार मानत बसला असतास. माझं चाळीस वर्षांचं भांडण मातीत गेलं असतं."

आल्डनने तोंड उघडलं. तेवढ्यात तिने गाडीचं दार लावून घेतलं आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत रस्ता ओलांडून तिच्या दारात गेला. आभाराचं पहिलं अक्षर निघताच तिने धुणं वाळत घालायचं राहिलंय म्हणून सांगितलं आणि दार लोटलं. शुक्रवारी पोस्टात भेटली, तेव्हा त्याने पुन्हा सुरुवात केली. ती पोस्टमास्तरीणबाईशी मोठ्याने तिकिटांबद्दल बोलू लागली. त्याने ज्यूनच्या हाताखाली शिकलेला मॅपल साखरेचा केक करून तिच्या पायरीवर ठेवला. रिकामी थाळी धुऊन परत आली, आत चिठ्ठी होती. 'मधोमध कच्चा.'

टॉवरचे वरचे दोन तुकडे काढतो, म्हणजे तुला डोंगराचं टोक तरी दिसेल, असंही त्याने चिठ्ठी लिहून कळवलं. उलटटपाली उत्तर आलं. 'एकदा कमी केलेली उंची पुन्हा वाढवता येत नाही. कलम चार. हात लावू नकोस.'

रविवार उजाडला. साडेसहाला आल्डनने रस्त्याकडच्या खोलीत दिवा लावला. रस्त्यापलीकडे स्वयंपाकघराचा पडदा सरकला. इतकी वर्षं तो पडदा सरकला की ही टॉवरकडे डोळे वटारून बघतेय, असंच त्याला वाटायचं. तो जरा वेळ त्या उजळलेल्या खिडकीकडे पाहत बसला. मग त्याने आधी डेसला शोधून काढलं. डेसच्या तीन मेंढ्या मेल्या होत्या आणि तो स्वतः जिवंत होता. आल्डनला डोळे पुसावे लागले.

नऊ वाजता हजेरी सुरू झाली. जिल्हाभरची तीसेक माणसं एकेक करून आपलं नाव सांगत गेली. त्यांत व्हर्नाचाही आवाज आला, स्पष्ट आणि शाळेतला. तिने स्वतःचं हातातलं छोटं यंत्र घेतलं होतं आणि आपल्या स्वयंपाकघरातून बोलत होती. आल्डनची पाळी आली. त्याने माइकचं बटण दाबलं.

आता या यंत्राचा एक गुण आहे. एक जण बटण दाबून बोलत असला की दुसऱ्याला मध्ये बोलता येत नाही. त्याने बटण सोडेपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं.

"मी आल्डन, ईस्ट हार्लो," तो म्हणाला. "घरी परत आलोय. व्हर्ना, तू ऐकते आहेस, मला खिडकीतून दिसतंय. तुझ्यामुळे माझं घर राहिलं. सकाळी उठायला मला कारण राहिलं. ज्यून असती तर तिने तुला मिठी मारली असती. मला ते जमत नाही, म्हणून सगळ्या जिल्ह्यादेखत सांगतो. मी तुझा ऋणी आहे, आणि मरेपर्यंत राहीन."

त्याने बटण लगेच सोडलं नाही. चाळीस वर्षांत व्हर्ना टटल त्याच्या बोलण्यात मध्ये न पडण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्याला ती थोडी लांबवायची होती. मग त्याने बोट उचललं.

पलीकडच्या खिडकीत व्हर्ना यंत्र तोंडाशी धरून उभी होती. एकदा तिने बटण दाबलं आणि काही न बोलता सोडलं. दुसऱ्यांदा दाबलं.

"ऐकलं," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "टॉवर अजून उंचच आहे. पुढची हजेरी घ्या."