देवघरातलं जर्मन चक्र

मंडळी, आजच घडलंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्याबरोबर फार्मा प्लांटमध्ये काम करणारी आन्के नाताळच्या सुट्टीनंतर जर्मनीहून आली, तेव्हा तिने तिच्या गावाचं मानचिन्ह असलेली ताटली दिली. लालवर सोनेरी चाक, कडेला पाती. एका जागी तुटलेलं, ती आम्हाला छपाईतली चूक वाटली. साताऱ्याहून आलेली आई म्हणाली, "अगं, हे तर सुदर्शन चक्र!" आणि ताटली थेट देवघरात. रोज हळदकुंकू, फूल.

आज आन्के आमच्याकडे नावनला (नव्या धान्याच्या सणाला) जेवायला आली. देवघर बघून पांढरीफटक पडली. "याची पूजा करता तुम्ही?"

त्यांच्या चर्चच्या संत बाईला म्हणे या चाकावर छळून मारणार होते. तिने हात लावताच चाक मोडलं. मग तलवारीने तिचं डोकं उडवलं.

मी आईला मराठीत सांगितलं आणि ताटली उचलायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे. देवाचं नसेल, त्या जीव गेलेल्या पोरीचं तर आहे ना?"

अर्थ सांगितल्यावर आन्के हळूच म्हणाली, "आमच्या गावात तिला आता कोणी फूलही वाहत नाही."

दिवेलागण झालीय. देवघरासमोर उभी आहे, पण हात जोडले जात नाहीयेत. तुमचे जोडले गेले असते?