भुऱ्या, नळ आणि माझं पत्रक

लातुरात आमच्या गल्लीत आठ दिवसांतून एकदा नळाला पाणी येतं, आणि ते येत असताना अख्खी गल्ली गाढ झोपलेली असावी यासाठी मी पंधरा दिवस जिवाचं रान केलं.

सुरुवात काठीपासून झाली. भुऱ्या नावाचा रस्त्यावरचा कुत्रा आमच्या दारात उगाच भुंकायचा आणि आई काठी उगारायची. मी मुक्या जनावरांसाठी लढणारी कार्यकर्ती! (पत्रकं मीच लिहिते, मीच वाटते आणि बहुतेक वेळा मीच वाचते.) हे मी सहन करणार? त्रिवार नाही!

"आई, हा अत्याचार आहे! बुद्धानं करुणा शिकवली."

"करुणा हाय म्हणूनच काठी बारीक घेतलीय."

मग मी पत्रकच काढलं: 'मारू नका, बक्षीस द्या!' आणि भुऱ्याच्या भुंकण्याला समाजोपयोगी वळण लावायचं जाहीर केलं. आमच्या नळाचा वार शनिवार, पण वेळ ठरलेली नाही. म्हणून सगळे तोट्या उघड्याच ठेवतात. पाण्याआधी हवा येते, फुस्सऽऽ! ती ऐकायला आई दिवसभर कान लावून बसायची. हे काम आता भुऱ्या करणार होता.

पण पाण्याविना सराव कसा करायचा? मी सायकलचा पंप आणला. नळापाशी बसून फुस्स करायचं, भुऱ्या भुंकला की दोन सेकंदांच्या आत उकडलेल्या अंड्याचा तुकडा! असं आठ दिवस चाललं.

"बीएस्सी झालेली पोरगी," बाबा दारातून म्हणायचे, "कुत्र्याला हवा भरायलीय."

हसा! त्या शनिवारी नळ फुसफुसला, भुऱ्या भुंकला आणि गल्ली हंडे-घागरी घेऊन धावली. शेजारच्या शबानाखालांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. "बेटा, नळाच्या दिवशी दुपारी कधी डोळा लागला न्हाई. आता बिनघोर झोपते बघ!"

मी लगेच दुसरं पत्रक काढलं: 'भुऱ्याला सढळ हातानं बक्षीस द्या!!!'

पुढच्या शनिवारी मात्र प्रकरण गंभीर होतं. रविवारी ताईचा साखरपुडा, उदगीरहून चाळीस पाहुणे येणार, आणि घरात उरलेलं पाणी दोन हंडे.

"आज मीच बसते नळापाशी," आई म्हणाली.

"अजिबात नाही! तू बसलीस तर त्याचा आत्मविश्वास जाईल."

आणि नेमकं त्याच सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, लोकांनी माझं पत्रक वाचलं! खालांनी खिमा आणला. समोरच्यांनी दूध-भाकरी आणली. भुऱ्यानं आधी आपल्या दारात येऊन भुंकावं म्हणून प्रत्येकानं आधीच बक्षीस देऊन टाकलं.

"ही लाच आहे!" मी ओरडले.

"कधी द्यायचं ते पत्रकात लिहिलंच न्हाई तू," खाला म्हणाल्या.

खरंच लिहिलं नव्हतं. (उद्गारचिन्हांनी जागा खाल्ली होती.)

दुपारी गल्ली बिनघोर झोपली. मीही झोपले, कारण शिकवणाऱ्याला विश्वास दाखवावा लागतो. नळ कधी आला कुणास ठाऊक. भुऱ्याला मात्र ठाऊक असावं, कारण ओल्या पावलांचे ठसे नळापासून थेट आमच्या वरच्या पायरीपर्यंत गेले होते. पोटभर खाऊन तो नळापाशीच झोपला होता; अंगाखाली पाणी आल्यावर उठला आणि कोरड्यात येऊन परत झोपला!

चार वाजता तो जीव तोडून भुंकला. आम्ही भांडी घेऊन धावलो. गल्ली लख्ख धुतलेली, गटार दुथडी भरलेलं, आणि नळ करतोय फुस्सऽऽ! पाणी जातानाही नळ फुस्सच करतो, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्या घरांत मिळून पाणी मिळालं अर्धा तांब्या.

आईनं काठी उचलली.

"थांब!" मी मध्ये पडले. "त्याची काही चूक नाही! फुस्स ऐकून भुंकायचं, एवढंच शिकवलं होतं मी त्याला!"

"ठाऊक हाय मला, त्याची चूक न्हाई," आई म्हणाली.

काठी कुणासाठी उचलली होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

रविवारी पहाटेपासून मी पलीकडच्या गल्लीतल्या हापशावरून हंडे वाहत होते. पाहुणे चहा घेत होते, ताई नटून बसली होती, आणि आई पेढ्यांचं ताट घेऊन मोरीच्या दारात उभी. मी हंडा पिंपात ओतला की दोन सेकंदांच्या आत माझ्या तोंडात अर्धा पेढा!

"धाकटी लई कष्टाळू दिसायलीय," नवरदेवाची मावशी म्हणाली.

"आधी ऐकायची न्हाई," आई म्हणाली. "आता सुधरायलीय."

हा माणुसकीचा घोर अपमान होता! मी तिथल्या तिथं जाहीर निषेध करणार होते. पण तोंडात पेढा होता, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी केव्हाच हापशाकडे निघाले होते.