मादामची जीभ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर मुळीच नाही. लिहिण्याची मला सवय नाही — सत्तरी ओलांडल्यावर प्रथमच लिहायला बसले आहे — आणि पहिल्याच परिच्छेदात स्वतःचा वैताग येऊ लागला आहे. एवढीशी गोष्ट, आणि इतकी वर्षं घशात अडकून राहावी?

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका लहानशा टीव्ही केंद्रावर मादाम ओदील फ्रेंच स्वयंपाक शिकवत. फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या खानावळवाल्याची ही मुलगी. युद्धानंतर अमेरिकन सैनिकाशी लग्न करून इकडे आल्या, तो गेल्यावर चर्चच्या तळघरात स्वयंपाकाचे वर्ग घेऊ लागल्या आणि तिथून कॅमेऱ्यासमोर पोचल्या. गळ्यातल्या साखळीला चमचा अडकवलेला असे. तो रश्श्यात बुडवायचा, चाखायचं, डोळे मिटायचे, आणि मग "व्वाला!", म्हणजे 'बघा, जमलं!' — तेवढ्यासाठी लोक टीव्ही लावत.

मी त्यांची मदतनीस. संस्कृतची पदवी गाठीशी होती, पण घराबाहेरची पहिली नोकरी मिळाली ती चाळिशीत. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "सगळं खातेस ना?" मी हो म्हणाले. मांस मी कधी जिभेला लावलं नव्हतं. पण त्यावाचून काय अडणार होतं? आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक न चाखताच करायचा. हाताच्या अंदाजाने मीठ घालायला मी परकरी वयात शिकले होते, आणि माझ्या अंदाजाला कोणी कधी नाव ठेवलं नव्हतं. अंदाज म्हणते आहे मी — गर्वच होता ना तो?

पदार्थ शिजेपर्यंत कॅमेरा थांबत नाही. म्हणून एक भांडं प्रेक्षकांसमोर चढायचं, आणि तोच पदार्थ आधी शिजवून ओव्हनमध्ये तयार असायचा. ते दुसरं भांडं माझ्याकडे.

त्या दिवशी देणग्या गोळा करण्यासाठी थेट प्रक्षेपण होतं. मी मशरूम घेऊन बाजारातून उशिरा पोचले. तोवर मादामनीच शिजवलेल्या कोंबडीचं भांडं ओट्यावर तयार होतं. मीठ घातलेलं होतं का? मादाम मेकअपला बसल्या होत्या. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "चाखून बघ की!" चमचा समोर होता. मी तो उचललासुद्धा — आणि खाली ठेवला. वास घेतला. मिठाला कुठे वास असतो? मग अंदाजाने मीठ घातलं.

पाहुणे म्हणून आलेल्या बड्या देणगीदारांनी पहिला घास घेतला आणि तो खारट घास सगळ्यांदेखत नॅपकिनमध्ये टाकला.

"मीठ कोणी घातलं?" केंद्रप्रमुखांनी नंतर विचारलं.

"मीच, सकाळी," मादाम म्हणाल्या. "चाखलंही होतं. ठीक होतं."

मी शेजारी उभी होते. भांडं माझ्याच हातात होतं.

बाई थकल्या, जीभ गेली त्यांची — केंद्रात कुजबुज सुरू झाली. तेही एक वेळ ठीक. पण मादामना स्वतःलाच ते खरं वाटू लागलं, याचं मी काय करू? त्या चाखत, डोळे मिटत, आणि "व्वाला" म्हणण्याऐवजी माझ्याकडे वळत. "बरोबर आहे ना?" आणि मी — न चाखता — मान डोलवत असे. काही महिन्यांत त्यांनी कार्यक्रम सोडला. त्यांच्या जागी मायक्रोवेव्ह घेऊन एक हसरा तरुण आला. माझी नोकरी मात्र टिकली.

त्या गाव सोडून जाणार होत्या. सांगूनच टाकायचं, असं ठरवून मी त्यांना आयसेलिनच्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. गणपतीचे दिवस होते. नैवेद्य दाखवला, ताटं वाढली. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी. मादामनी आमटीचा घोट घेतला आणि थबकल्या. बोट ताटातल्या मिठाकडे गेलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं — आणि बोट मागे घेतलं.

माझी लेक एरवी इंग्रजीतच बोलायची. पण पाहुण्यांसमोर उणं काढू नये, एवढं तिला कळत होतं. ती मराठीत म्हणाली, "आई, यू फरगॉट... म्हणजे, मीठच नाहीये गं आमटीत!"

"काय म्हणते ती?" मादामनी विचारलं.

त्यांची जीभ शाबूत होती. त्याचा पुरावा त्यांच्याच वाटीत होता. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं मला.

"तिला आणखी भात हवाय," मी म्हणाले.

मादाम हसल्या. त्यांनी आमटी शेवटच्या घोटापर्यंत संपवली.

"छान झाली आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, असं मला वाटतं. खरं काय ते तूच सांग."

"छान झाली आहे," मी म्हणाले.