पाचाचं भिंग, साडेतीनाचं, की नवाचं

मी तेव्हा परभणीला गुरांचा डॉक्टर होतो. खेड्यापाड्यांत आम्हाला अजून सलोतरीच म्हणत. हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो, त्याच्या पुढच्या वर्षी हैदराबादेत राहणारे माझे मामा रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. मुठीत मावेल एवढा, जड, काळा. सोबत चामड्याच्या डब्यात तीन भिंगं होती. फिरवून काढायची, फिरवून बसवायची. एकावर साडेतीन सेंटिमीटर कोरलेलं, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर नऊ.

"कॅमेरा तुझा," मामा म्हणाले. "पण भिंगं तिन्ही देणार नाही. ती माझ्या नव्या कॅमेऱ्यालाही बसतात. दिवाळीपर्यंत वापरून बघ. एक ठेव, दोन मला परत आणून दे."

"कोणतं ठेवू?"

"रोजच्या फोटोला लागेल ते."

"रोजच्या फोटोला कोणतं लागतं?"

"ते मी कसं सांगू? रोज तुझा आहे की माझा?"

एवढंच मार्गदर्शन. साडेतीनाच्या भिंगातून जवळ उभं राहूनही पुष्कळ काही फोटोत बसायचं. नवाचं भिंग लांबचं जवळ आणायचं. पाचाचं या दोन्हींच्या मधलं. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या छिद्रातून पाचाच्या भिंगापुरतंच दिसायचं, बाकी दोन्हींना वर वेगळी छोटी दुर्बीण बसवावी लागे. मी भिंग बदलायचो आणि दुर्बीण बदलायला विसरायचो. मग छापून आलेल्या फोटोत कुणाचं डोकं नसायचं, कुणाचे पाय.

पहिले प्रयोग बायकोवर झाले. आमचं स्वयंपाकघर एवढं लहान, की तिथं साडेतीनाचंच चालायचं. त्या फोटोत चूल, मांडणी, पाण्याचा हंडा, सगळं आलं आणि तिचं नाकही जरा जास्तच आलं. ती रागावली. मग ओसरीवर नवाच्या भिंगानं काढला. त्यात ती इतकी देखणी आली, की मी फोटो हातातून सोडेना. तिनं मात्र तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

"चांगला आहे," ती म्हणाली, "पण ही मीच का? अन् अहो, तुम्ही एकदा एका जागी उभे राहा ना. सारखं पुढं काय, मागं काय."

तिचं बरोबर होतं. मला उभं कुठं राहायचं तेच कळत नव्हतं.

अशात पेडगावच्या दोघा भावांचं प्रकरण झालं. थोरला पन्नाशीचा, अंगानं आडवा, बोलायला मोठा. धाकटा शिडशिडीत, कमी बोलणारा. त्यांच्याकडं तांबड्या बैलांची एक जोडी होती. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. रब्बीची पेरणी झाली की वाटणी, असं ठरलेलं. जमिनीचं जमलं होतं, पण बैलांवर गाडं अडलं होतं. एकेक बैल दोघांना जाणार, तर त्यातला मोठा कोणता नि कोणाला, यावर वाद.

मी लशी टोचायला गेलो तेव्हा थोरल्यानं माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहिला. "डाक्टरसाहेब, वाटणी व्हायच्या आधी जोडीचा फोटू काढा. पुन्ना कुठं येकत्र दिसायलीय ही जोडी."

थोरला आपल्याला हवा तो बैल धरून पुढं, अगदी माझ्याजवळ उभा राहिला. धाकटा दुसरा बैल घेऊन मागं लिंबाखाली. जवळ यायला तो तयार नव्हता आणि थोरला मागं सरायला. मला मागं जायचं तर पाठीला कडब्याची गंजी. म्हणून साडेतीनाचं भिंग लावलं. सगळे बसले. मी खूश होऊन निघालो.

परभणीच्या स्टुडिओतून फोटो छापून आला. तो घेऊन पेडगावला गेलो, तर थोरला एकदम खुलला. त्याच्या बैलाचं डोकं रांजणाएवढं आणि तो स्वतः पैलवानासारखा. मागं लिंबाखाली धाकटा बोटभर, आणि त्याचा बैल तर वासरूच वाटत होता.

"बगा!" थोरला जमलेल्या लोकांना म्हणाला. "मी म्हणत न्हवतो का, ह्यो मोठा हाय म्हणून? आता कागदावरच आलं."

धाकट्यानं फोटो घेतला, पाहिला. पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला. "डाक्टर, मला पोरगं करून टाकलं की तुमी. आमी येवढ्या लांब न्हवतो उभे."

मला वाईट वाटलं. मी म्हणालो, पुन्हा काढतो. दोघांना आधीच्याच जागांवर उभं केलं. नवाचं भिंग लावून गंजीला वळसा घातला आणि पलीकडच्या रानात पार बांधापर्यंत गेलो. तिथून गंजीच्या कडेनं दोघेही दिसत होते. तिथून काढला.

आणि या फोटोत काय यावं? दोघे भाऊ जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे! बैल सारखेच, वशिंडं सारखीच, लिंबाचं झाड जणू त्यांच्या डोक्यावरच. धाकटा हसला. थोरल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मी ह्याच्याजवळ उभाच न्हवतो," तो म्हणाला. "समद्या गावानं बगितलंय. तुमाला कुणी सांगितलं का, दोगांला जवळ दाखवा, म्हंजे वाटणी हुनार न्हाई?"

"कुणी काही सांगितलं नाही."

"मंग ह्यातला खरा कोंचा?"

लोक माझ्याकडं पाहू लागले. मी म्हणालो, "दोन्ही खरे आहेत."

"दोन्ही खरे कसे आसतील?" हे दोघे भाऊ एकदमच बोलले. बऱ्याच दिवसांनी त्यांचं कशावर तरी एकमत झालं होतं.

मी समजावायला लागलो. एक डोळा मिटा, हात डोळ्याजवळ धरा, समोरचा माणूस हातापेक्षा लहान दिसेल. आता समजा तुम्ही दोघांपासूनही लांब गेलात, तर हात आणि माणूस... पुढं माझंच वाक्य मला सापडेना. हात लांब कसा नेणार? पण दोघांनी सांगितलं तेवढं केलं. थोरला एक डोळा मिटून, तळहात चेहऱ्यापुढं धरून धाकट्याकडं पाहत होता, आणि धाकटा तसाच थोरल्याकडं. गाव बघत होतं. कुणी हसलं नाही.

शेवटी थोरल्यानं हात खाली घेतला. "मंग डाक्टरसाहेब, मान्सानं उभं कुठं ऱ्हायाचं?"

सायकलवरून परत येताना सबंध वाट मी त्याचाच विचार करत होतो. फोटो म्हणजे पुरावा, असं मी आजवर समजत होतो. आता माझ्याजवळ दोन पुरावे होते, दोन्ही माझ्याच हातचे, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. भिंगापेक्षा मी कुठं उभा होतो त्यानंच सगळा फरक पडला होता, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. पण मग भिंग कशाला निवडायचं, हा नवाच घोळ झाला.

पेरणीच्या दिवसांत थोरल्याच्या बैलाचा खांदा सुजल्याचा निरोप आला. मी गेलो तेव्हा सूज उतरली होती, औषध लावून पाहत होतो. कॅमेरा गळ्यात होता, पण फोटोचा विषय काढायची माझी हिंमत नव्हती. तेवढ्यात धाकटा दुसरा बैल घेऊन आला. त्यानं तो शेजाऱ्याच्या बैलाबरोबर जुंपून पाहिला होता, तर बैल जागेवरच बसला. रानातली ओल उडून चालली होती.

"खांदा बरा हाय का?" त्यानं मला विचारलं. भावाला नाही.

"हलकं काम चालेल."

थोरल्यानं आपला बैल सोडला आणि तिफणीपाशी नेला. दोघांनी दोन बाजूंनी जू उचललं. बैलांनी आपापल्या जागी माना घातल्या, डावा डावीकडं, उजवा उजवीकडं. शिवळांच्या खुंट्या अडकवताना दोघे भाऊ जुवाच्या दोन टोकांना वाकले होते. मी दोन पावलं मागं सरलो आणि बटण दाबलं. कोणतं भिंग आहे हेही पाहिलं नाही. घरी येऊन बघतो तर पाचाचं. आदल्या दिवशी बायकोचा फोटो काढून तेच राहून गेलं होतं.

तो फोटो काही विशेष नव्हता. दोन बैल, दोन माणसं, मध्ये जू. थोरल्यानं तो हातात धरून पुष्कळ वेळ चुका शोधल्या. मग धाकट्याकडं सरकवला. धाकटा म्हणाला, "हां. ह्यो आमचा हाय." थोरला म्हणाला, "दोन काढून आणा."

वाटणी झालीच. मध्ये कुडाची भिंतही उभी राहिली. पण जोडी मात्र त्यांनी फोडली नाही. आळीपाळीनं दोन्ही रानांत जायची. एकमेकांशी बोलायला लागले का, ते मला नक्की सांगता येणार नाही. मी गेलो की दोघेही माझ्याशीच बोलायचे, आणि एकाचं ऐकून दुसरा उत्तर द्यायचा.

दिवाळीला मी हैदराबादला मामांकडं गेलो. साडेतीनाचं आणि नवाचं त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी दोन्ही उचलून उजेडात पाहिली, फडक्यानं पुसली.

"पाचाचं ठेवलंस?"

"हो."

"का?"

मी पेडगावची सगळी हकिकत सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तू निवडलं नाहीस. राहून गेलं."

"तसंच म्हणा."

"बरं," म्हणाले, आणि आत गेले.

मामी चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अरे, त्यांना वाटत होतं तू पाचाचं परत आणशील. उमरभर तेच वापरलंय त्यांनी."

मला शरमल्यासारखं झालं. मामा बाहेर आल्यावर म्हणालो, "मामा, बदलून घ्या. मला साडेतीनाचंही चालेल."

"मग ठेवताना का नाही चाललं?"

"मला खरंच कळत नाही, मामा."

ते हसले. "मलाही नाही कळलं. कॅमेरा माझ्याकडं होता तेव्हाही त्यावर ते पहिल्यापासून होतं, म्हणून होतं. असू दे. दिलं ते दिलं."

परत आल्यावर बायकोनं विचारलं, "मग कोणतं ठेवलं?"

"पाचाचं."

"ते चांगलं का?"

मी विचार केला. तिचा तो देखणा फोटो काढलेलं भिंग मी नुकतंच देऊन आलो होतो. "माहीत नाही," म्हणालो.

पुढच्या महिन्यात कामासाठी चारठाण्याला जाणं झालं. तिथल्या जुन्या देवळाजवळचा उंच दगडी खांब मला सबंध हवा होता. मागं मागं सरत गेलो, तो बाभळीच्या काट्यांत शिरलो. तरी वरचा भाग बसेना. साडेतीनाचं असतं तर, असं मनात आलं. मग जेवढा दिसत होता तेवढा काढला.