कड्याआधीची भीमेची दरड

सत्तरच्या दशकात मी मांडवगण फराट्याला शाळेत शिकवत होते. नववीच्या मुलींना समुद्र दाखवायचा, तोही कड्याच्या कडेनं दिवसभर चालत, ही टूम हेडमास्तरांची; जुळवाजुळव मात्र माझ्या गळ्यात. माझी लेक त्याच वर्गात. आणि मी ही अशी, की विहिरीत वाकूनही कधी बघायची नाही.

शाळेच्या शिपायाचा मेव्हणा कोकणातला, त्या वाटेनं लोकांना फिरवून आणणारा. आमचा वाटाड्या तोच होणार होता. बहिणीकडं आला तेव्हा त्याला शाळेत बोलावलं. वाट केवढी रुंद, विचारलं, तर त्यानं आपल्या पावलांकडं बोट दाखवलं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, खाली खडक आणि लाटा.

माझं डोकं पडलं शेतकऱ्याचं. खळ्यात मळणीला बैल एका दोरात जुंपतात, तशा साऱ्या मुली कंबरेला बांधून न्यायच्या, हे मी ठरवूनच टाकलं होतं. घरचा नवा दोरही आणून ठेवला होता. वाटाड्या दोराकडं बघत राहिला. हसला नाही, त्यानंच मी जास्त घाबरले.

"बाई, बैल सपाटीवर फिरतात. इथं एक घसरली तर बाकीच्या तिच्यामागोमाग जातील. बांधायचं नाही. कुणाचा पाय निसटला तर मी बघेन, बाकीच्यांनी जागच्या जागी खाली बसायचं. तुम्हीसुद्धा."

बसायचं? आणि ती माझीच पोर असली तर? हे मी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

रविवारी सराव म्हणून मुलींना भीमा नदीच्या दरडीवरून रांगेनं चालवलं. पुरुषभर उंची, खाली मऊ वाळू. पोरींना खेळच वाटला, सारख्या खिदळत होत्या. एवढ्यात कडेची माती ढासळली आणि माझी लेक खाली गेली. साऱ्या पोरी शिकवल्याप्रमाणं मटकन बसल्या. मी धावले. वाटेतल्या एकीला माझा धक्का लागला, ती कडेवरून अर्धी खाली लोंबली. शेजारणीनं तिचा दंड धरला म्हणून वाचली.

खालून वाळू झटकत लेक शांतपणे म्हणाली, "आई, समद्या बसल्या. तूच पळालीस."

तिथं समुद्र असता तर?

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सांगितलं, सहल होऊ द्या, पण दुसऱ्या बाईंना पाठवा. मग लेकीलाही ठेवून घेणार असाल, ते म्हणाले. जीव तर तेच म्हणत होता. पण मास्तरणीचीच पोर घरी राहिली तर बाकीच्या आयांनी कुणाच्या भरवशावर पोरी पाठवायच्या?

"ती जाईल," मी म्हणाले. "मीच तेवढी जाणार नाही."

पोरी कड्यावर चालत होत्या तो अख्खा दिवस मी स्वयंपाकघरात जमिनीला हात टेकून बसून काढला. चूल पेटवली नाही. पाय भरलेत का, असं शेजारीण विचारून गेली, तिला व्हय म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटी पारापाशी थांबली आणि लेक उतरताना दिसली, तेव्हा मात्र धावले.